घोडं कुठं पेंड खातं?

बंदुकीच्या त्या खटक्याला 'घोडा' हे नाव ज्याने कोणी दिलं, तो माणूस द्रष्टा असला पाहिजे. सिंह, वाघ, चित्ता अशी शूर नावं हाताशी असताना त्याने नेमका असा प्राणी निवडला, की जो चालला तर चौखूर चालतो आणि अडला तर भर वरातीत अडतो. मुंबईच्या काही गल्ल्यांतून तर अख्ख्या पिस्तुलालाच 'घोडा' म्हणतात. आणि घोडा म्हटला की तो कुठे ना कुठे पेंड खाणारच!

आता एका बँकेतल्या कारकुनाने पिस्तुलावर काय म्हणून लिहावं, असं आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे. मी बी.कॉम. आहे. माझ्या हाती आजवर आलेलं सर्वांत घातक हत्यार म्हणजे कागदाला भोकं पाडायचं पंचिंग मशीन. पण आमच्या धंद्यात एक सवय जडते. हिशेब कुठे चुकला, रक्कम कुठे अडकली, हे हुडकून काढल्याशिवाय चैन पडत नाही. मग तो हिशेब रुपयांचा असो की दारूगोळ्याचा. इतिहासाच्या पुस्तकांत लोक राजे आणि लढाया वाचतात, मी मात्र कुठल्या यंत्राने ऐन वेळी दगा दिला ते शोधत बसतो. त्या दृष्टीने आपोआप गोळी भरून घेणाऱ्या, म्हणजे अर्धस्वयंचलित पिस्तुलाइतका मनोरंजक कर्जदार दुसरा नाही.

कर्जदार म्हणण्याचं कारण सांगतो. जुनं रिव्हॉल्व्हर हा रोखीचा व्यवहार आहे. आपण बोटाने जोर लावायचा, चक्र फिरणार, पुढचं काडतूस समोर येणार. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढा, पुढचं हजर. पिस्तुलाचं तसं नाही. तिथे प्रत्येक गोळीने जाता जाता पुढच्या गोळीची सोय करून जायची असते. एका हप्त्याच्या जोरावर दुसरा हप्ता. एक चुकला की सगळं खातं थकीत.

मुठीत मॅगझिन, त्यात काडतुसं एकावर एक रचलेली, खालून स्प्रिंगचा रेटा, म्हणजे पेन्शनच्या दिवशीची आमची रांगच. पहिलं काडतूस नळीच्या तोंडाशी, खिडकीवर. गोळी सुटली की जेवढ्या जोराने ती पुढे जाते, तेवढाच धक्का मागे बसतो. ही झाली जमा. या जमेतून वरची स्लाइड मागे सरकते, आणि मग खर्चाची बाजू सुरू होते. एक लहानसा आकडा रिकामी पुंगळी ओढून काढतो. ती बाहेर भिरकावली जाते. घोडा पुन्हा ताणला जातो. एक जाड स्प्रिंग दाबली जाते. ही स्प्रिंग म्हणजे मुदत ठेव, फक्त मुदत डोळ्याचं पातं लवायच्या आतली. ती मोडून परतीचा प्रवास करायचा असतो. स्लाइड पुढे येते, येताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस ढकलत नेते, ते नळीत बसवते आणि दार लावून घेते.

यात जमाखर्चाचा मेळ बसला नाही की घोडं पेंड खातं. काडतुसातली दारू कमी पडली, म्हणजे पगारच कमी आला, तर स्लाइड अर्ध्यातूनच माघारी. स्प्रिंग फार कडक असेल तरी तेच. सगळं उत्पन्न ठेवीत घातलं तर घरखर्चाला काय उरणार? उलट स्प्रिंग मरगळलेली असेल तर परतीच्या वाटेवर दम राहत नाही आणि दार केसभर उघडं राहतं. मॅगझिनचे वरचे ओठ वाकले असतील तर नवं काडतूस नाक खाली घालून रुसून बसतं. आकडा झिजला किंवा नळीचं तोंड मळलं असेल तर जुनी पुंगळी हलतच नाही. खिडकीवरचं काम झालेले पेन्शनर जसे 'जरा पंख्याखाली उभा राहतो' म्हणून तिथेच राहतात, तसं. आणि कधी कधी पुंगळी निघते खरी, पण बाहेर पडता पडता दारात चिमटली जाते आणि बंबाच्या धुराड्यासारखी उभी राहते.

ज्यांना हे समजायला कठीण वाटतं त्यांनी आपलं दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल आठवावं. टिकल्यांचा तो लाल रोल आत घालायचा आणि ठो, ठो, फुस्स! चौथ्या टिकलीला पट्टी दुमडायची. मग फराळ बाजूला ठेवून काका, मामा आणि शेजारचे इंजिनीयर त्या पत्र्याच्या खेळण्यावर वाकायचे. शेवटी मुलं तोंडानेच 'ठो' म्हणून लढाई पुरी करायची. त्या लढाईत फरक एवढाच, की मेलेला माणूस आईने हाक मारली की उठून चकली खायला जायचा.

आमच्या शाखेतले गार्ड लष्करातून निवृत्त झालेले आहेत. मूळचे सातारकडचे. होते हवालदार, पण बँकेत आल्या आल्या आम्ही त्यांना एकदम 'मेजर' करून टाकलं. एवढी बढती आमच्या खात्यात कुणाला मिळालेली नाही. त्यांच्याकडे बारा बोरची दुनळी बंदूक असते. एकदा दुपारच्या डब्याच्या वेळी मी त्यांना विचारलं,

"मेजर, पिस्तूल मधेच का हो अडकतं?"

मेजरांनी भाकरीचा तुकडा मोडला. "सायेब, पयलं सांगतो. हत्यार अडाकलं तरी ते रिकामं समजायचं न्हाई. त्वांड माणसाकडनं बाजूला ठेवायचं, मग दुसरी गोष्ट. आन् चार चोर बगायचे. मॅगझिन, काडतूस, घाण आन् माणूस."

"माणूस? माणसाचा काय संबंध?"

"मनगाट ढिलं धरलं की पिस्तूल समदंच माघारी येतं. मग सलाईडनं सरकायचं कशावर? पाय ठेवायला भुई पायजे का न्हाई?"

भौतिकशास्त्राचा एक अख्खा धडा मेजरांनी चटणीसोबत संपवला. मी म्हटलं, "पण तुमची बंदूक साधी. तिला ना स्लाइड ना स्प्रिंग. अकरा वर्षांत तुम्ही एक बार काढला नाहीत. तरी दर शनिवारी ती पुसत बसता, ते का?"

मेजर थोडा वेळ बोलले नाहीत. मग डबा बंद करत म्हणाले, "न्हाई चालली तर मी मरंन. ते काय, त्याचाच पगार हाय. पर माझ्या मागं तुमी समदी बसलाय की."

त्या दिवशी दुपारनंतर मी कॅशच्या पिंजऱ्याकडे, त्यात बसलेल्या आमच्या बाईंकडे आणि बाकावर पासबुक घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

असो. मेजरांचे चार चोर मनात धरून इतिहासात शिरलं तर मोठमोठी माणसं हाती लागतात. मागे बसणारा धक्का फुकट जातो, त्याला कामाला लावावं, ही युक्ती प्रथम चालवून दाखवली हायरम मॅक्सिम या गृहस्थाने, आपल्या मशीनगनमध्ये. हा काळ १८८४ च्या आसपासचा. वाया जाणाऱ्या शक्तीतून उत्पन्न काढणारा हा माणूस आमच्या वसुली खात्यात हवा होता. पुढे १८९३ मध्ये ह्यूगो बोर्खार्ट याने तीच युक्ती पिस्तुलात बसवली. पिस्तूल चालायचं, पण आकाराने एवढं अवघड, की ते पिस्तूल आहे की शिवणयंत्राचा सुटा भाग, असा प्रश्न पडावा. त्याला आटोपशीर रूप दिलं गेऑर्ग लूगरने. स्विस सैन्याने ते १९०० मध्ये घेतलं, जर्मन सैन्याने १९०८ मध्ये. लूगरच्या पाठीवर गुडघ्यासारखा एक सांधा असतो. बार झाला की तो गुडघा वर मुडपतो आणि परत सरळ होतो. दिसायला देखणं, नेमही उत्तम. पण खानदानी माणसासारखं त्याचं पथ्य फार. काडतूस जोरदारच हवं, चिखलमाती अंगाला लागता कामा नये. आणि लढाई तर चिखलातच व्हायची!

इंग्लंडात ह्यू गॅबेट-फेअरफॅक्स नावाच्या गृहस्थांनी 'मार्स' नावाचं पिस्तूल काढलं. ताकदीला कमी पडू नये म्हणून त्यांनी ताकद इतकी भरली, की धक्क्याने झाडणाराच गार व्हावा. शिवाय रिकामी पुंगळी बाजूला न पडता सरळ मागे, झाडणाऱ्याच्या तोंडाकडे यायची. सैन्याने नकार दिला. संशोधकाचं दिवाळं वाजलं. हत्याराने शत्रूचा बळी घेण्याआधी भांडवलाचा घेतल्याचं हे उदाहरण कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना शिकवायला हवं.

दुसरे गृहस्थ कर्नल जॉर्ज फॉस्बेरी. हे हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर १८६३ च्या अंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले शूर शिपाई. त्यांनी रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांचा संसार जुळवला. चक्र रिव्हॉल्व्हरचं, पण ते फिरवायचं धक्क्याने. चक्रावर नागमोडी खाचा, वरचा भाग मागे सरकला की चक्र फिरणार. कल्पना झकास. पण मेजरांचा चौथा चोर इथे घरात शिरलेला. मनगट पक्कं असेल तरच यंत्र पुढचं पाऊल टाकणार. जखमी होऊन पडलेल्या माणसाचं मनगट पक्कं कुठून असणार? आणि पहिल्या महायुद्धातल्या खंदकांच्या चिखलाने त्या नागमोडी खाचा भरल्या, तेव्हा तर तिसऱ्या चोरानेही हात धुऊन घेतला.

उलट ऐन वेळी पिस्तूल चाललं म्हणून इतिहासाचं वळण राहिलं, असंही एक प्रकरण आहे आणि त्याचा उगम आपल्या मुंबईत आहे. ऑक्टोबर १८९६ मध्ये विन्स्टन चर्चिल नावाचा एक तरुण घोडदळ अधिकारी ससून डॉकला होडीतून उतरत होता. उतरण्याच्या घाईत त्याने भिंतीतली लोखंडी कडी धरली, तेवढ्यात लाटेने होडी खाली गेली आणि त्याचा उजवा खांदा दुखावला तो कायमचा. दोन वर्षांनी, २ सप्टेंबर १८९८ रोजी, सुदानमध्ये ओम्दुरमानला घोडदळाने हल्ला केला. खांद्यामुळे तलवारीचा भरवसा नव्हता म्हणून चर्चिलने दहा गोळ्यांचं नवं माउझर पिस्तूल उपसलं. गर्दीतून गोळ्या झाडत तो पार झाला. ते पिस्तूल त्या दिवशी अडकलं असतं तर पुढच्या शतकाचा इतिहास वेगळ्या हातांनी लिहिला गेला असता. ससून डॉकला मासळीच्या वासात उभं राहून हा विचार करून पाहावा, डोकं गरगरतं. त्यात वासाचाही थोडा भाग असतो.

पण पिस्तुलाची खरी वार्षिक तपासणी झाली ती अमेरिकेत. फिलिपीन्समध्ये मोरो लोकांशी लढताना अमेरिकन सैन्याला कळलं, की आपलं ०.३८ इंची रिव्हॉल्व्हर पुरेसं नाही. गोळी लागली तरी चालून येणारा माणूस येतच राहतो. स्वतःच्या गावासाठी लढणाऱ्या माणसाला थांबवण्यासाठी गोळी जाड करावी, हे साहेबी उत्तर! १९०४ मध्ये थॉम्प्सन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी कत्तलखान्यातल्या गुराढोरांवर आणि प्रेतांवर गोळ्या झाडून ०.४५ इंचाची शिफारस केली. मग १९०७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात स्पर्धा भरली. कोल्ट आलं, सॅव्हेज आलं, जर्मनीहून लूगर आलं, फॉस्बेरीसाहेबांचं रिव्हॉल्व्हरही आलं.

या स्पर्धेतले पेपर वाचले तर आपली बँकेची प्रमोशनची परीक्षा फारच दयाळू वाटते. पिस्तुलावर बारीक धूळ उडवायची आणि मग झाडायचं. नवसागराच्या द्रावणात बुडवून गंज चढू द्यायचा आणि मग झाडायचं. नवसागर म्हटल्यावर आपल्याकडे हातभट्टी आठवते, पण तिथे तो पिस्तुलाची शुद्ध घालवायला वापरत. बरीचशी मंडळी पहिल्याच फेरीत गारद झाली. लूगरने नंतर आपणहून माघार घेतली. उरले दोन, सॅव्हेज आणि कोल्ट.

कोल्टच्या पिस्तुलाचा कर्ता जॉन ब्राउनिंग. जन्म १८५५, युटा प्रांतातलं ऑग्डेन गाव, बाप बंदुका दुरुस्त करणारा. म्हणजे अडकलेली हत्यारं पाहतच पोरगा वाढला. या माणसाची रीत मला आमच्या जुन्या हेडक्लार्कसारखी वाटते. चूक सापडली की आरडाओरडा नाही, नवीन नियमांची पुस्तिका नाही, नेमकी ती नोंद दुरुस्त करायची. त्याच्या आधीच्या पिस्तुलात नळी दोन दुव्यांवर, पुढे एक आणि मागे एक, खाली यायची. त्याने पुढचा दुवा काढून टाकला. नळी फक्त मागून खाली झुकू लागली. एक भाग कमी, म्हणजे तो भाग बिघडण्याची शक्यताही कमी. १९१० च्या चाचणीत दोन्ही पिस्तुलं अडखळली, तेव्हा त्याने पुन्हा दुरुस्त्या केल्या.

मार्च १९११ मध्ये शेवटची परीक्षा झाली. प्रत्येक पिस्तुलातून ६,००० गोळ्या. दर शंभरांनंतर थोडा थंडावा, दर हजारांनंतर साफसफाई आणि तेल. पिस्तूल इतकं तापे की पाण्यात बुडवून काढत आणि पुन्हा सुरू. निकाल असा लागला, की सॅव्हेज ३७ वेळा बिघडलं. ब्राउनिंगचं पिस्तूल शून्य वेळा.

आता हा आकडा कॉमर्सच्या माणसाने सोडायचा कसा? सहा हजारांत सदतीस म्हणजे सॅव्हेजला ९९.३८ टक्के गुण पडले. एवढे गुण आमच्या घराण्याच्या सात पिढ्यांचे मिळूनही भरणार नाहीत. तरी ते नापास! कारण १६२ गोळ्यांमागे एक अडखळ असली, तरी ती कुठल्या गोळीला येणार हे आधी कुणी सांगत नाही. ती चांदमारीत आली तर शिवी हासडून सोडून देता येते. समोर माणूस चालून येत असताना आली, तर बाकीच्या १६१ गोळ्यांचं कौतुक कुणाच्या विधवेला सांगायचं? २९ मार्च १९११ रोजी ब्राउनिंगचं पिस्तूल अमेरिकन सैन्याने स्वीकारलं आणि १९८५ पर्यंत, म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षं, ते तिथलं ठरलेलं पिस्तूल राहिलं. आमच्याकडे पंखा एवढा टिकत नाही.

इथे लेख संपवला असता तर बरं झालं असतं. पण खतावणीची दुसरी बाजू कोरी ठेवता येत नाही.

बेल्जियममध्ये लिएजजवळच्या एका कारखान्यात ब्राउनिंगचंच दुसरं एक लहान पिस्तूल तयार होत असे, १९१० च्या नमुन्याचं. खिशात मावणारं, गुळगुळीत, कुठे अडकू नये असं. त्यातली चार पिस्तुलं फिरत फिरत काही तरुण मुलांच्या हाती पडली. २८ जून १९१४, सारायेव्हो. ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड पत्नी सोफीसह मोटारीतून निघाले होते. त्या दिवशी जवळपास सगळंच बिघडलं होतं. सकाळी फेकलेला बॉम्ब मोटारीवरून घरंगळून मागे फुटला. ठरलेला रस्ता बदलला, तो चालकाला कुणी सांगितला नाही. चालक चुकीच्या वळणावर गेला आणि मागे घेण्यासाठी गाडी थांबली. ती थांबली ती नेमकी गाव्रिलो प्रिन्सिप या एकोणीस वर्षांच्या मुलासमोर.

बॉम्ब फसला, निरोप फसला, मोटार फसली. त्या सकाळी आपलं काम चोख केलं ते एका पिस्तुलाने. दोन गोळ्या, दोन माणसं. पहिल्या गोळीने ठरल्याप्रमाणे पुंगळी फेकली, स्प्रिंग दाबली, दुसरी गोळी जागेवर आणून बसवली आणि दार लावून घेतलं. महिनाभरात महायुद्ध सुरू झालं. महायुद्धाची कारणं पुष्कळ होती, हे मलाही ठाऊक आहे. दारू आधीच ठासलेली होती. तरीही रात्री कधी झोप लागली नाही की वाटतं, दिवाळीतल्या त्या टिकल्यांच्या पिस्तुलाचा थोडासा वाण त्या दिवशी त्या पिस्तुलाला लागायला काय हरकत होती? एक पुंगळी दारात चिमटली असती, तर निदान सोफी तरी तिच्या तीन मुलांकडे परत गेली असती.

ब्राउनिंग १९२६ मध्ये लिएजमध्येच, कारखान्यात काम करता करता वारला. त्याने हाती घेतलेलं एक पिस्तूल सहकारी द्यूदोने सैव्ह याने पुढे पुरं केलं आणि १९३५ मध्ये ते बाजारात आलं. त्याच घराण्यातलं पिस्तूल आपल्या इछापूरच्या रायफल फॅक्टरीतही बनलं आणि आपल्या जवानांच्या कमरेला लागलं. मेजरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "चांगलं व्हतं. आमी वापारलंय. तक्रार न्हाई." लष्करी माणसाकडून यंत्राला याहून मोठं प्रशस्तिपत्र नसतं.

मी विचारलं, "आणि मेजर, ते चुकीच्या माणसाच्या हातात गेलं तर?"

"तवा बी चालतं," मेजर म्हणाले. "त्येला काय ठावं कुणाचं बोट हाय ते?"

आमच्या बँकेत सही जुळल्याशिवाय पन्नास रुपयेसुद्धा निघत नाहीत.